नारूचा अंत

नारू हें नांव आजच्या तरुण पिढीला बहुधा ठाऊक नसेल. परंतु कांहीं दशकांपूर्वीं महाराष्ट्र, राजस्थान, कर्नाटक इत्यादि राज्यांतील कित्येक गांवीं या कृमीनें धट्ट्याकट्ट्या माणसांना ऐन हंगामांत अंथरुणास खिळविलें होतें.

या रोगाचा फैलाव मुख्यतः पायऱ्यांच्या विहिरींतून व उघड्या तळ्यांतून होई. रोग्याच्या पायावर फोड येई, त्याची आग असह्य होई, आणि ती शमविण्यासाठीं तो पाय पाण्यांत बुडवी. त्याच क्षणीं फोडांतील मादी असंख्य पिलें पाण्यांत सोडी. सायक्लॉप्स नांवाचे सूक्ष्म जलजीव तीं गिळीत. आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या देहांत सुमारें वर्षभरानें दोन हातांपर्यंत लांबीचा कृमि तयार होई. तो काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा ओढावा लागे. मध्येंच तुटल्यास व्रण चिघळे. ज्याला पीडा होई, तोच नकळत पुढील वर्षाच्या पीडेचें बीज पेरी.

सायक्लॉप्सचा हा संबंध रशियन संशोधक फेडचेंको यांनीं १८७० च्या सुमारास मध्य आशियांत उघडकीस आणला. परंतु या रोगावर गुणकारी औषध नव्हतें, प्रतिबंधक लसही नव्हती. माणसाची संवय व पाणवठ्याची रचना बदलणें हाच उपाय होता, आणि त्यास शतकाहून अधिक काळ लागला.

भारतांत १९८३-८४ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९८४ मध्यें सुमारें ४०,००० रोगी आढळले. विहिरींच्या पायऱ्या बंद करणें, हातपंप बसविणें, पाणी कापडानें गाळणें आणि रोग्यास पाण्यांत उतरूं न देणें, असे साधे उपाय चिकाटीनें चालले. अखेरचा रोगी जुलै १९९६ मध्यें जोधपूर जिल्ह्यांत आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त असल्याचें प्रमाणित केलें.

१९८६ सालीं जगांत अंदाजें ३५ लक्ष रोगी होते. २०२४ सालीं अवघे १५ नोंदले गेले. मात्र आफ्रिकेंतील चाड देशांत कुत्र्यांनाही हा कृमि जडत असल्यानें तेथील काम संपलेलें नाहीं.

नारू आपल्याकडून गेला. पोटांतील जंत व अंकुशकृमि मात्र गेलेले नाहींत. अंकुशकृमि मळानें दूषित झालेल्या मातींतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शिरतो. इतर जंतांची अंडीं न धुतलेल्या हातांतून व भाज्यांतून पोटांत जातात. शौचकूप, पायांत वहाणा, जेवणापूर्वीं धुतलेले हात आणि स्वच्छ धुतलेली भाजी, एवढ्या गोष्टी प्रत्येक घरीं पाळतां येण्याजोग्या आहेत. ज्या देशानें केवळ फडक्यानें पाणी गाळण्यासारख्या उपायांनीं नारूस हांकलून दिलें, त्याला हें कार्य अवघड वाटण्याचें कारण नाहीं.