पेनात परतलेलं पीस

'पेन' हा शब्द लॅटिन 'पेन्ना'वरून आला, अर्थ पीस. युरोपात शतकानुशतकं पिसानंच लिहिलं गेलं. आपल्याकडे लेखणी बोरूची, म्हणूनच कारकून 'बोरूबहाद्दर'.

आता हौशी कारागीर पितळी नळीवर मोरपीस चिकटवतात. तंतूंत हवा अडकून बुडबुडे येतात, म्हणून आधी पातळ थर देतात, मग पारदर्शक रेझिन ओततात. 1972च्या कायद्यानं मोराची शिकार गुन्हा आहे; आपोआप गळालेलं पीस मात्र चालतं. लिहिणारं पीस असं शोभेचं होऊन पेनात परतलं.

बोरूचं तसं झालं नाही. माझ्या देऊळगाव राजासारख्या गावांत जुन्या पेट्यांत मोडी कागद निघतात. ते वाचणारे विरळ. पीस रेझिनमध्ये टिकतं. लिपी टिकायला वाचणारा लागतो, आणि मोडी आजही शिकता येते.