द्विपक्षी फाइनमन आकृती

द्विपक्षी फाइनमन आकृती ही प्रकाश आणि अणू-रेणू यांच्यातील परस्परक्रियेचे गणित मांडण्याची आलेखीय पद्धत आहे. अरेषीय प्रकाशिकी व वर्णपटविज्ञान या शाखांत ती वापरली जाते. एकापाठोपाठ पडणाऱ्या प्रकाशस्पंदांमुळे पदार्थाच्या अवस्थेत कोणत्या क्रमाने बदल होतात, हे दोन उभ्या रेषा व काही बाण यांनी दाखवतात. प्रत्येक आकृती क्षोभ सिद्धांतातील विस्ताराच्या एका पदाची प्रतिनिधी असते. आकृती काढली की ते पद थेट लिहिता येते.

इतिहास

रिचर्ड फाइनमन यांनी पुंज विद्युतगतिकीसाठी योजलेल्या आकृत्या १९४९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जे. एफ. वॉर्ड यांनी १९६५ मध्ये अरेषीय प्रकाशीय प्रतिसादाचे गुणांक काढण्यासाठी आकृत्यांचा उपयोग केला. टी. के. यी व टी. के. गस्टफसन यांनी १९७८ मध्ये घनता आव्यूहावर आधारलेली आकृतिपद्धती मांडली. शॉल मुकामेल यांच्या १९९५ मधील ‘प्रिन्सिपल्स ऑफ नॉनलिनिअर ऑप्टिकल स्पेक्ट्रोस्कोपी’ या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन आहे.

दोन रेषांचे प्रयोजन

द्रवातील असंख्य रेणूंचे परिसर किंचित भिन्न असतात. अशा समूहाचे वर्णन एका तरंगफलनाने होत नाही. त्यासाठी घनता आव्यूह लागतो. त्याला केट व ब्रा अशा दोन बाजू असतात आणि प्रकाश यांपैकी कोणत्याही बाजूवर क्रिया करू शकतो. म्हणून डावी रेषा केटची व उजवी ब्राची मानतात.

नियम

१. काळ खालून वर वाहतो.
२. रेषेकडे येणारा बाण शोषण व रेषेपासून दूर जाणारा बाण उत्सर्जन दर्शवतो.
३. उजवीकडे झुकलेल्या बाणाचा तरंग सदिश धन व डावीकडे झुकलेल्याचा ऋण धरतात. त्यांची बेरीज निघणाऱ्या संकेताची दिशा सांगते.
४. प्रत्येक बाणासाठी संबंधित संक्रमणाच्या द्विध्रुव परिबलाने गुणतात.
५. ब्रावरील प्रत्येक क्रियेसाठी चिन्ह एकदा बदलते.
६. दोन क्रियांमधील काळात केट व ब्रा यांच्या ऊर्जाफरकानुसार कला फिरते व क्षय होतो.
७. शेवटचे उत्सर्जन केटवरून दाखवतात. ते नियम ५ मध्ये मोजत नाहीत आणि त्यानंतर दोन्ही बाजू समान अवस्थेत येतात.

तीन क्रियांपैकी प्रत्येक क्रिया दोन बाजूंपैकी एकीवर होऊ शकते. त्यामुळे क्रम ठरलेला असल्यास आठ मार्ग मिळतात. त्यांपैकी चार उरलेल्या चारांचे संयुग्मी असल्याने चारच काढणे पुरते.

उदाहरण : फोटॉन प्रतिध्वनी

पहिला स्पंद ब्राला तल अवस्थेतून उत्तेजित अवस्थेत नेतो. दुसरा केटलाही तेथे पोहोचवतो. तिसरा ब्राला परत तल अवस्थेत आणतो आणि अखेर केटवरून संकेत उत्सर्जित होतो. पहिल्या व तिसऱ्या कालखंडांत कला परस्परविरुद्ध दिशांनी फिरते. त्यामुळे भिन्न परिसरांमुळे विस्कटलेल्या रेणूंच्या कला पुन्हा जुळतात व प्रतिध्वनी उमटतो. १९६४ मध्ये कर्निट, अबेला व हार्टमन यांनी माणकाच्या स्फटिकात फोटॉन प्रतिध्वनीचे निरीक्षण केले.

येथे ब्रावर दोन क्रिया असल्याने चिन्ह धन येते. तिसऱ्या स्पंदाने केटला त्याहून वरच्या अवस्थेत नेल्यास ब्रावर एकच क्रिया उरते व चिन्ह ऋण होते. द्विमितीय वर्णपटात उत्तेजित अवस्थेतील शोषणाची शिखरे विरुद्ध चिन्हाची दिसतात, ती यामुळेच. विरुद्ध चिन्हांची शिखरे एकमेकांवर आल्यास ती परस्परांना अंशतः पुसून टाकतात. म्हणून एखादी आकृती विसरल्यास प्रयोगाचा अर्थ चुकू शकतो.

मर्यादा

या पद्धतीत प्रकाश सामान्यतः अभिजात क्षेत्र मानला जातो. क्षेत्र फार तीव्र असल्यास क्षोभ सिद्धांत अपुरा पडतो. स्पंद काळात एकमेकांवर आल्यास क्रियांचा क्रम निश्चित राहत नाही व आकृत्यांची संख्या वाढते. आकृती म्हणजे रेणूत प्रत्यक्ष घडणाऱ्या घटनेचे चित्र नव्हे. ती गणिती पदांची शिस्तबद्ध नोंद आहे. मोजला जाणारा संकेत संबंधित सर्व आकृत्यांच्या बेरजेतून मिळतो.