रोप जगलं तरच पैसे

केनियातल्या न्येरी भागात एक प्रचंड मुगुमो होता, आपल्या वड-उंबरांच्याच कुळातला. किकुयू लोक त्याला देवाचं झाड मानत. लहानग्या वांगारी सरपण गोळा करायला निघाल्या की आई बजावायची, त्या झाडाची काटकीसुद्धा आणायची नाही. झाडाजवळच एक झरा होता. तिथल्या बेडकांच्या अंड्यांचे मणी हाती धरू पाहण्यात या मुलीचा वेळ जाई.

वांगारी माथाईंचा जन्म १९४०चा. अमेरिकेत जीवशास्त्र शिकून त्या परतल्या आणि १९७१ साली नैरोबीत पीएच.डी. झाल्या. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पुढे गावी गेल्या तेव्हा मुगुमो तोडलेला होता, त्या जागी चहा लावलेला होता आणि झरा आटला होता. गोऱ्यांच्या राजवटीत जंगल तोडून नगदी पिकं आणि परदेशी झाडं लावायची रीत पडली होती. स्वातंत्र्यानंतर ती थांबली नाही, वाढलीच.

केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यांतल्या बायका माथाईंना गाऱ्हाणी सांगत: सरपण लांब गेलं, पाणी आटलं, गुरांना चारा नाही. सरपणच नाही म्हटल्यावर फार शिजवावं लागणार नाही असं काहीतरी पोरांच्या पानात पडे आणि पोरं अशक्त होत. भूक आणि चूल यांचा हा संबंध तज्ज्ञांच्या आधी या बायकांना कळला होता.

त्यावर उपाय म्हणून माथाईंच्या पुढाकारानं ५ जून १९७७ला नैरोबीच्या कामुकुंजी बागेत सात झाडं लागली. त्यातली जगली ती दोनच. पण झाडं लावायची चळवळ सुरू झाली. केनियाची लोकसंख्या तेव्हा दीड कोटीच्या आसपास. माणशी एक झाड, असा हिशेब माथाईंनी मांडला. वनखात्याचा वरिष्ठ अधिकारी हसला आणि म्हणाला, लागतील तेवढी रोपं फुकट न्या. वर्ष सरायच्या आतच त्याला शब्द मागे घ्यावा लागला, कारण बायका थांबेनात.

मग त्यांनी स्वतःच्याच रोपवाटिका काढल्या. वनखात्याची माणसं सांगत, झाडं लावायला डिप्लोमा लागतो. बायकांनी मात्र फुटक्या मडक्यांत बिया पेरल्या, कोंबड्या-शेळ्यांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर ती मडकी ठेवली, भोकं पाडलेल्या डब्यानं पाणी घातलं. जगलेल्या प्रत्येक रोपामागे अमेरिकी चार सेंट मिळत. नुसती लावलेली रोपं मोजायची नाहीत, जगलेली मोजायची. वृक्षारोपणाचे फोटो छापणाऱ्या कुठल्याही देशानं हा नियम उचलायला हरकत नाही.

१९८९मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत आणि तिच्यापाशी राष्ट्राध्यक्ष मोई यांचा पुतळा उभा करायचं ठरलं. माथाईंनी त्याविरुद्ध पत्रांचा सपाटा लावला. संसदेत त्यांच्या चळवळीची ‘घटस्फोटित बायकांची टोळी’ अशी हेटाळणी झाली. माथाई स्वतः घटस्फोटित होत्या, त्यामुळे रोख कुणावर होता ते उघड होतं. सरकारनं चळवळीला कार्यालय रिकामं करायला लावलं. कारभार त्यांच्या राहत्या घरात आला. गुंतवणूकदार मात्र मागे हटले आणि बाग वाचली. दहा वर्षांनी नैरोबीतलं करूरा जंगल बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून त्या रोपं घेऊन गेल्या, तेव्हा गुंडांनी त्यांचं डोकं फोडलं. पोलिसातल्या तक्रारीवर त्यांनी स्वतःच्या रक्तानं सही केली. आज त्या जंगलात नैरोबीकर सकाळी धावायला जातात.

२००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. तोवर चळवळीची तीन कोटींच्या घरात झाडं लागली होती.

२५ सप्टेंबर २०११ला त्या गेल्या. आपल्यासाठी लाकडाची शवपेटी नको, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती बांबू, पपायरस आणि जलपर्णीची झाली. आपल्या नद्या-तळ्यांत माजते तीच जलपर्णी, तिकडे व्हिक्टोरिया सरोवराला छळणारी. सरकारी इतमामात अंत्यविधी झाला तो उहुरू पार्कमध्येच.