सोलोला गिटार ऐकूच येत नाही? बूस्ट पेडल ओव्हरड्राइव्हच्या आधी लावायचं की नंतर?

बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. घरी खोलीत एकट्याने वाजवताना आवाज एकदम भारी लागलेला असतो. स्टेजवर ड्रम, बेस आणि गायक सुरू होतात. सोलोची वेळ येते, आपण ओव्हरड्राइव्ह पेडलचा ड्राइव्ह आणखी पिळतो आणि गिटार गायब! समोर उभे असलेले मित्र नंतर सांगतात, "बोटं हलताना दिसली रे, ऐकू काही आलं नाही."

मग डोक्यात येतं ते नवीन पेडल. काही हजार रुपये जातात आणि पुढच्या कार्यक्रमात परत तेच. खरं तर एक ओव्हरड्राइव्ह आणि एक साधं बूस्ट पेडल असेल तर बरंचसं काम भागतं. फक्त कोणतं पेडल आधी लावायचं आणि का, हे समजून घ्यायला हवं.

ओव्हरड्राइव्ह नेमकं करतं काय?

लाउडस्पीकरचा आवाज फुल केला की तो 'फाटतो', हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. अँप्लिफायरला एका मर्यादेपलीकडे सिग्नल वाढवता येत नाही. त्यामुळे ध्वनिलहरीचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. गाण्याच्या स्पीकरमध्ये हा दोष आहे. गिटारवाल्यांना मात्र तोच आवाज आवडला, कारण क्लिपिंगमुळे मूळ सुरात नवे उपस्वर मिसळतात आणि सूर जास्त वेळ टिकतो.

ओव्हरड्राइव्ह पेडल हेच काम लहान डबीत करतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेलं आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. त्यात सिग्नल आधी वाढवला जातो आणि डायोड त्याची टोकं दाबतात.

एक बुटकं दार डोळ्यांसमोर आणा. कितीही उंच माणूस आला तरी त्याला वाकूनच आत यावं लागतं. डायोड म्हणजे ते दार. ड्राइव्हचा नॉब वाढवला की माणूस आणखी उंच होतो, पण दाराची उंची तेवढीच राहते. त्यामुळे तो जास्त वाकतो. म्हणूनच ड्राइव्ह वाढवल्यावर खरखर वाढते, आवाजाची पातळी मात्र फारशी वाढत नाही. सोलोला गिटार हरवते त्याचं एक मोठं कारण हे आहे.

आणि बूस्ट?

बूस्ट पेडल सिग्नल फक्त मोठा करतं. बऱ्याच बूस्ट पेडल्सवर एकच नॉब असतो. एमएक्सआरचं मायक्रो अँप कमाल २६ डेसिबलपर्यंत सिग्नल वाढवतं, म्हणजे व्होल्टेज जवळपास २० पट होतं. ६ डेसिबल वाढले की व्होल्टेज दुप्पट होतं, हे लक्षात ठेवलं तरी अंदाज येतो.

बूस्टचा इतिहास ओव्हरड्राइव्ह पेडलपेक्षा जुना आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये डॅलस कंपनीचं रेंजमास्टर हे ट्रेबल बूस्टर आलं. त्यात एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होता आणि ही पेटी पायाखाली नाही, तर अँपवर ठेवली जायची. रोरी गॅलाघर ते व्हॉक्स एसी३० अँपला जोडायचा. ब्लॅक सबाथचा टोनी आयोमी लेनी अँपसोबत ते वापरायचा. अँपला जास्त सिग्नल देऊन त्याचाच आवाज फाडायचा, अशी ही युक्ती होती. बूस्ट आणि ओव्हरड्राइव्ह जोडण्यामागे आजही तेच तत्त्व आहे.

बूस्ट आधी लावला तर?

जोडणी अशी: गिटार, बूस्ट, ओव्हरड्राइव्ह, अँप.

इथे माणूस दारात येण्याआधीच उंच झालाय. म्हणजे तो आणखी वाकणार. परिणाम: खरखर वाढते, सूर लांब टिकतो, हलक्या हाताने छेडलेली तारही भरून वाजते. आवाजाची पातळी जेमतेम वाढते.

हे केव्हा कामाचं? साथीला हलका क्रंच हवा आणि सोलोला दाट, गाणारा आवाज हवा तेव्हा. शिवाय गिटारवरचा व्हॉल्यूम नॉब कमी केला की आवाज पुन्हा बराच स्वच्छ होतो.

तोटा एकच. पिकअपमध्ये आलेली गुणगुणही तेवढीच वाढते. सिंगल कॉइल पिकअप असेल तर घरच्या विजेची ५० हर्ट्झची घूं जास्त जाणवते.

बूस्ट नंतर लावला तर?

जोडणी: गिटार, ओव्हरड्राइव्ह, बूस्ट, अँप.

आता माणूस दारातून वाकून आत आलाय आणि त्यानंतर त्याला स्टुलावर उभं केलंय. आवाजाचा पोत तोच राहतो, पातळी वाढते. अँप स्वच्छ आवाजावर असेल तर सोलोसाठी हीच जोडणी हवी. सुरुवातीला ३ ते ६ डेसिबल वाढवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यात भागतं.

पण अँपच आधीपासून फाटत असेल तर? मग अँप हे दुसरं बुटकं दार झालं. स्टुलावरचा माणूस तिथे पुन्हा वाकतो. खरखर वाढते आणि गिटार परत मागे पडते. "बूस्ट नंतर लावला तरी फरक पडत नाही" अशी तक्रार अनेकदा यामुळेच असते.

यावर दोन उपाय आहेत. एक, अँपचा गेन थोडा खाली आणा. दोन, अँपच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी इफेक्ट्स लूपची दोन छिद्रं असतील तर बूस्ट तिथे जोडा. अँपच्या प्रीअँप भागात खरखर तयार होऊन गेल्यावर सिग्नल वाढतो, त्यामुळे आवाज खरोखर मोठा होतो.

ओव्हरड्राइव्हच बूस्ट म्हणून चालतं का?

चालतं, आणि खूप जण तसंच करतात. ड्राइव्ह अगदी कमी आणि लेव्हल भरपूर ठेवायची. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन ट्यूब स्क्रीमरने फेंडर अँपला असाच जोर द्यायचा. मेटल वाजवणारेही जास्त गेनच्या अँपआधी हे पेडल लावतात.

त्याचं कारण पेडलच्या आत आहे. ट्यूब स्क्रीमर साधारण ७२० हर्ट्झच्या खालचे सूर कमी वाढवतं. गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते. हा खालचा भाग थोडा कमी झाला की अँपमध्ये चिखल होत नाही आणि मधले सूर पुढे येतात. बँडमध्ये खालची जागा बेस आणि किक ड्रमची, वरची झांजांची. गिटारला मोकळी जागा मिळते ती मधे.

घरी भारी वाटणारा आवाज स्टेजवर हरवतो तो यामुळेही. एकट्याने वाजवताना आपण बास आणि ट्रेबल वाढवतो, मिड्स कमी करतो. बँडमध्ये नेमके तेच मिड्स लागतात.

सेट करायचं कसं?

१. दोन्ही पेडल्स बंद ठेवून आधी अँपचा आवाज लावा. मिड्स मधोमध असू द्या.

२. ओव्हरड्राइव्ह चालू करा. ड्राइव्हचा नॉब घड्याळातल्या ९-१० वाजण्याच्या जागी ठेवा. पेडल चालू-बंद केल्यावर पातळी सारखी राहील अशी लेव्हल लावा.

३. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर जोडा. नॉब शून्यापासून हळूहळू वाढवा.

४. आता जागा बदला आणि तेच वाक्य पुन्हा वाजवा. मोबाइलवर दोन्ही रेकॉर्ड करून ठेवा.

५. शेवटचा निर्णय बँडसोबतच्या सरावात घ्या.

एक सापळा टाळा. जो आवाज मोठा असतो तो कानाला आपोआप जास्त चांगला वाटतो. दुकानात नवीन पेडल आवडण्यामागे कधीकधी एवढंच असतं. दोन पेडल्सची किंवा दोन जोडण्यांच्या पोताची तुलना करताना पातळी सारखी करून मगच ऐका.

आणि वायर जोडण्याआधी अडॅप्टर बघा. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनचा मधला भाग निगेटिव्ह असतो, पण सगळ्यांचं तसं नसतं. पेडलवरची खूण आणि अडॅप्टरवरची खूण जुळली पाहिजे. उलटी जोडणी झाली तर पेडल जळू शकतं.

बूस्ट पेडलच नाहीये?

तरीही करून बघता येईल. मल्टिइफेक्ट पेडलमध्ये किंवा मोबाइल-कॉम्प्युटरवरच्या अँप सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरड्राइव्ह आणि बूस्टचे ब्लॉक असतात. बऱ्याच ठिकाणी त्यांचा क्रम बदलता येतो. नवीन काही घेण्याआधी एक संध्याकाळ तिथे घालवा.

थोडक्यात, आवाज दाट हवा असेल तर बूस्ट आधी, आवाज मोठा हवा असेल तर नंतर. आणि अँप स्वतःच फाटत असेल तर आधी त्याचा गेन कमी करा. एवढं जमलं की पुढच्या सोलोनंतर मित्रांना विचारा, ऐकू आलं का ते.