जुन्या पिकअपची ताकद, तिचे मायलेज आणि शिशाचे मोल

१/ जुन्या गाडीची ओढ वाढवायची आणि इंधनही वाचवायचे, या दोन इच्छा एकमेकींच्या विरुद्ध आहेत असा सर्वसाधारण समज आहे. इंजिनाच्या इतिहासात मात्र दोन्हींची किल्ली एकच होती. ती ज्या रीतीने फिरवली गेली, त्याची किंमत जगाने जवळजवळ शंभर वर्षे मोजली. त्याची ही हकीकत.

२/ १९२५ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडला आणि ती 'पिकअप' म्हणून थेट कारखान्यातूनच विक्रीस आणली. किंमत २८१ डॉलर. इंजिन २.९ लिटरचे, पण ताकद अवघी २० अश्वशक्ती. आज त्याच्या निम्म्या आकाराचे इंजिन चौपट ताकद सहज देते.

३/ या तफावतीचे एक मोठे कारण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण किती पट दाबले जाते, याचे ते माप. मॉडेल टीमध्ये ते सुमारे ४ होते. आदर्श इंजिनाच्या गणितानुसार ते ८ वर नेले, तर कार्यक्षमता सुमारे ४३ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांवर जाते. तेवढ्याच पेट्रोलमध्ये ताकदही अधिक आणि अंतरही अधिक.

४/ मग हा आकडा वाढवला का नाही? कारण त्या काळचे पेट्रोल अधिक दाब सोसत नसे. ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडके आणि इंजिन खटखटू लागे. यालाच 'नॉकिंग' म्हणतात. ते चालूच राहिले, तर पिस्टनही निकामी होतो.

५/ उपाय एकच नव्हता. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी सिलिंडर हेडच्या आतल्या पोकळीचा आकार बदलून मिश्रण घुसळले जाईल अशी योजना केली. त्यामुळे नॉकिंग कमी झाले. इंधनात अल्कोहोल मिसळल्यानेही ते थांबते, हे जनरल मोटर्सच्या संशोधकांना ठाऊक होते.

६/ परंतु त्याच कंपनीच्या थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजी तिसरा मार्ग सापडला: टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग. गॅलनभर पेट्रोलला सुमारे ३ घनसेंटिमीटर पुरे. अल्कोहोल कोणीही गाळू शकत होता. या द्रव्यावर मात्र कंपनीची मक्तेदारी राहणार होती. १९२३ मध्ये ते 'एथिल' या नावाने बाजारात आले. नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

७/ शिसे विषारी आहे, हे तेव्हाही सर्वज्ञात होते. १९२३ च्या आरंभी खुद्द मिजली शिशाच्या बाधेमुळे विश्रांतीसाठी रजेवर गेले होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले.

८/ मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन या तज्ज्ञांनी स्पष्ट विरोध केला आणि विक्री काही काळ थांबली. मात्र १९२६ मध्ये सरकारी समितीने बंदीस पुरेसे कारण नसल्याचे सांगितले, आणि शिसे पुन्हा टाकीत आले.

९/ पुढील दशकांत कॉम्प्रेशन रेशो वाढत गेला, ट्रक बलवान झाले. त्यांच्या धुरातून शिसे हवेत, मातीत आणि मुलांच्या रक्तात उतरत राहिले. पृथ्वीचे वय निश्चित करणारे क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये हे प्रदूषण मानवनिर्मित असल्याचे दाखवून दिले.

१०/ १९७१ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन रेशो उतरवला. १९७५ पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोल अटळ झाले. गेलेली ताकद पुढे फ्युएल इंजेक्शन, इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि नॉक सेन्सर यांनी परत मिळवून दिली, तीही शिशावाचून.

११/ भारतात फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री २०२१ मध्ये थांबली.

१२/ आज महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. म्हणजे १९२० च्या दशकात डावलला गेलेला पर्यायच परतला आहे. इथेनॉल अधिक दाब सोसते, पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. जुन्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो तोच राहिला, तर तोटा पदरी पडतो आणि लाभ हुकतो. म्हणून ताकद आणि मायलेज वाढवण्याचा कोणताही उपाय समोर आला की दोन प्रश्न विचारावेत: तो याच इंजिनासाठी आहे का, आणि त्याचे मोल कोण चुकवणार आहे?