रद्दीला भाव होता, खरकट्याला नव्हता

आमच्या घरात कचरा वेगळा करायला कधी कुणी शिकवलं नव्हतं. तरी वर्तमानपत्रं, बाटल्या, तेलाचे डबे माळ्यावर साठत, कारण रद्दीवाला त्यांचे पैसे देई. खरकट्याला भाव नव्हता. ते बाकी सगळ्यासकट एकाच बादलीत जाई.

पुणेकर ओला-सुका वेगळा का करू लागले, याचं उत्तर मी आधी नियमांत शोधलं. पण केंद्राचे घनकचरा नियम २००० सालचे, आणि पुण्यातली गोष्ट त्याच्या दहा वर्षं आधीची. एसएनडीटी विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण साक्षरता वर्गाच्या निमित्ताने कचरा वेचणाऱ्या मुलांपर्यंत आणि मग त्यांच्या आयांपर्यंत पोचल्या. कुंडीत हात घालण्याऐवजी घरातूनच सुका कचरा वेगळा मिळाला तर? विद्यापीठाचं ओळखपत्र घेऊन काही बायका दारोदार जाऊ लागल्या. १९९३मध्ये बाबा आढावांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली आणि २००८मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. घरांनी दरमहा शुल्क द्यायचं, सुक्याची विक्री वेचणारीची.

म्हणजे मी कोरडा ठेवलेला पुठ्ठा विकला जातो, पैसे मात्र तिला मिळतात. मग मी का राबायचं?

इंजिनिअर म्हणून मला सवलत हे उत्तर सुचतं. गांडूळखतासाठी महापालिका मिळकतकरात सूट देते. आमच्या सोसायटीत त्यासाठी टाक्या बांधल्या. सूट सुरू झाली आणि टाक्या कोरड्या पडल्या. भीतीही फार टिकत नाही. एप्रिल २०१७मध्ये फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या डेपोला आग लागली. वर्षानुवर्षं शहराचा कचरा सोसणाऱ्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, तीनेक आठवडे रस्त्यांवर ढीग साचले. तेव्हा सगळ्यांनाच वर्गीकरण आठवलं. गाड्या सुरू झाल्या आणि विसरलंही.

माझं म्हणाल, तर मी एका बोटामुळे सुधारलो. फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकला होता. दुसऱ्या दिवशी मावशींच्या बोटाला चिंधी होती. “दादा, काच कागदात गुंडाळून देत जा,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून गुंडाळतो, वर ‘काच’ लिहितो.

यात अभिमान वाटावा असं काही नाही. कचरा वेचणाऱ्या बहुतेक बायका दलित समाजातल्या. माझ्यातला माणूस जागा व्हायला त्यांचं बोट कापावं लागलं. पण पुण्याचा अनुभव मला हेच सांगतो, की कचरा कुणाच्या हातात जातो हे दिसलं, की माणूस तो नीट देतो. हल्ली आमच्याकडे ठरतंय की मावशींनी वर यायचं नाही, डबे फाटकापाशी ठेवायचे. सोय आहे खरी. पण मग ‘काच’ लिहायचं मला किती दिवस आठवेल?