युबारीचे पाहुणे



ऋण काढून सण करणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही. सण चार दिवसांचा आणि ऋण मात्र मुलानातवंडांच्या डोक्यावर, हा आपल्या वाडवडिलांचा हिशेब. आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. आज मी आपणांस जपानमधल्या एका लहानशा शहराची हकीकत सांगणार आहे. ह्या शहराने सण केला, ऋण काढले आणि ते बुडाले. बुडाल्यानंतर, हातात काही उरले नसताना, त्याच लोकांनी पुन्हा तोच सण मांडला. पहिल्या सणाला आपली म्हण लागू पडते, ह्यात शंका नाही. दुसऱ्याला लागू पडते की नाही, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

ह्या शहराचे नाव युबारी. जपानच्या उत्तरेस होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटाच्या राजधानीपासून, म्हणजे साप्पोरोपासून, पूर्वेला सुमारे ६० किलोमीटरवर, डोंगरांच्या एका अरुंद घळईत हे शहर वसले आहे. घळईत नदी, नदीच्या काठाने रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना चढणीवर घरे. हिवाळ्यात बर्फ पुरुषभर उंचीचे ढीग रचते. शेतीला सपाट जमीन थोडी. अशा जागी माणसांनी वस्ती करावी, ह्याचे एकच कारण होते आणि ते जमिनीच्या पोटात होते.

१८८८ साली येथे कोळशाचा मोठा थर सापडला आणि दोन वर्षांत खाणकामास आरंभ झाला. मेइजी काळातील जपानला त्या वेळी कोळशाची मोठी भूक होती. आगगाड्या, आगबोटी आणि पोलादाचे कारखाने ह्यांना उत्तम प्रतीचा कोळसा हवा होता, आणि युबारीचा कोळसा उत्तम होता. एकामागून एक खाणी निघाल्या. १९६० च्या सुमारास युबारीची वस्ती १ लाख १७ हजारांच्या घरात पोहोचली होती. खाणीत पाळ्यांनी काम चाले, म्हणून गावाला रात्र अशी नव्हतीच. पाळी संपवून वर आलेला कामगार अंघोळ करून जेवे आणि चित्रपटाला जाई. त्या एका घळईत डझनाहून अधिक चित्रपटगृहे होती. चित्रपटाचे वेड ह्या गावाला पुढे कोणा अधिकाऱ्याने लावले, असे म्हणता येणार नाही. ते खाणकामगारांच्या काळापासूनचे होते.

पुढे काळ फिरला. आखाती देशांतून स्वस्त खनिज तेल येऊ लागले आणि जपान सरकारने कोळशावरचा हात हळूहळू काढून घेतला. साठीच्या दशकापासून खाणी बंद पडू लागल्या. ज्या खाणी उरल्या त्या अधिक खोल आणि म्हणून अधिक धोक्याच्या होत्या. १६ ऑक्टोबर १९८१ रोजी युबारीच्या नव्या खाणीत वायूचा उद्रेक झाला आणि पाठोपाठ आग लागली. ह्या अपघातात ९३ माणसे दगावली. ५९ जणांचा पत्ता लागलेला नसताना, आग विझविण्याचा दुसरा उपाय राहिला नाही म्हणून, खाणीत नदीचे पाणी सोडण्याचा निर्णय झाला. आपला नवरा, आपला मुलगा, आपला बाप आत असताना पाणी सोडण्यास संमती द्या, असे घरोघरच्या माणसांना विचारावे लागले. ह्या एका गोष्टीवाचून युबारीचा पुढचा इतिहास नीट समजत नाही, म्हणून ती येथे सांगितली. वर्षभराने ती खाण कायमची बंद झाली.

त्या वेळी नगराध्यक्ष होते नाकाता तेत्सुजी. १९७९ पासून २००३ पर्यंत, म्हणजे तब्बल २४ वर्षे, ते त्या पदावर राहिले. खाणी गेल्या तर प्रवासी आणू, कोळशावर जगलेले गाव आता पाहुण्यांवर जगेल, हे त्यांचे धोरण होते. कोळशाच्या इतिहासाचे एक मोठे संग्रहालय-उद्यान उभे राहिले. पाळणे, चक्रे, हॉटेले आली. खाणीच्या कंपन्या गेल्यावर त्यांनी मागे टाकलेली कामगारांची घरे, न्हाणीघरे आणि इस्पितळही नगरपालिकेलाच पत्करावे लागले. ह्या एका आवराआवरीसाठी नगरपालिकेचे सुमारे ५८ अब्ज येन खर्ची पडले, हे नाकातांना दोष देणाऱ्यांनीही विसरू नये.

अशा स्थितीत पंतप्रधान ताकेशिता नोबोरू ह्यांच्या सरकारने देशातील गावांना आणि शहरांना प्रत्येकी १० कोटी येन देऊ केले. आपल्या गावाच्या उत्कर्षासाठी हवे तसे खर्च करा, अशी मुभा होती. युबारीने ह्या पैशातून चित्रपट महोत्सव भरविण्याचे ठरविले. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात आव्होरियाझ नावाचे बर्फाळ गाव आहे. तेथे १९७३ पासून अद्भुत आणि भयकारी चित्रपटांचा महोत्सव भरत असे, आणि त्याच्या पहिल्याच वर्षी स्टीव्हन स्पिलबर्ग ह्या तेव्हाच्या तरुण दिग्दर्शकाला पारितोषिक मिळाले होते. तोच कित्ता युबारीने गिरविला. फेब्रुवारी १९९० मध्ये युबारीचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. पुढच्याच महिन्यात युबारीची शेवटची खाण बंद झाली. इतिहासात एक दार लागताना दुसरे उघडते, असे आपण ऐकतो. येथे दोन्ही दारांचा आवाज लोकांनी एकाच हिवाळ्यात ऐकला.

आता पाहुण्यांकडे वळू. युबारीत पाहुण्याचे स्वागत पिवळा रुमाल हलवून होते, आणि ह्या चालीचा उगमही एका चित्रपटातच आहे. १९७७ साली दिग्दर्शक यामादा योजी ह्यांनी 'सुखाचा पिवळा रुमाल' ह्या अर्थाच्या नावाचा चित्रपट काढला. एका अमेरिकन वृत्तपत्रातील लेखावरून त्याची कथा घेतली होती. हातून मनुष्यवध घडल्यामुळे तुरुंगात गेलेला एक खाणकामगार सुटून येतो. बायकोला तो एक पत्र टाकतो: तू अजून एकटी असशील आणि माझी वाट पाहत असशील, तर दारच्या काठीवर पिवळा रुमाल बांध, रुमाल दिसला नाही तर मी तसाच निघून जाईन. वाटेत भेटलेल्या दोन तरुणांच्या मोटारीतून तो भीतभीत युबारीला येतो. वर पाहण्याचे धैर्य त्याला होत नाही. आणि पाहतात तो काय, एका काठीपासून निघालेल्या दोरीवर एक सोडून कितीतरी पिवळे रुमाल वाऱ्यावर फडफडत आहेत! नट ताकाकुरा केन आणि नटी बाइशो चिएको ह्यांच्या ह्या चित्रपटाला जपानच्या चित्रपट अकादमीचे पहिलेवहिले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले. ज्या कामगार-चाळीत तो शेवट चित्रित झाला ती गावाने जतन करून ठेवली आहे. पुढे ह्याच कथेवर अमेरिकेत जो चित्रपट निघाला, त्याचे दिग्दर्शन भारतात जन्मलेल्या उदयन प्रसाद ह्यांनी केले, हीही एक योगायोगाची गोष्ट.

महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांना असेच पिवळे रुमाल दिसत. रस्त्याच्या कडेला म्हातारेकोतारे, पोरेबाळे थंडीत कुडकुडत रुमाल हलवीत उभी असत. एरव्ही अशा महोत्सवांत नटनट्यांना दोराच्या पलीकडून पाहावे लागते. गोव्यात २००४ पासून भरणारा आपला आंतरराष्ट्रीय महोत्सव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा दोर चांगला ठाऊक असेल. युबारीला दोर बांधायला जागाच नव्हती. उघड्यावर शेगड्या मांडून, त्यांच्याभोवती गावकरी आणि पाहुणे मांस-मासळी भाजून खात. परदेशी दिग्दर्शकाशेजारी निवृत्त खाणकामगार बसे. दोघांना एकमेकांची भाषा येत नसे. पण शेगडीजवळ बसायला भाषा लागत नाही.

ह्या पाहुण्यांपैकी एकाची गोष्ट तर जगाच्या पडद्यावर गेली. १९९३ साली आपला पहिला गाजलेला चित्रपट घेऊन क्वेन्टिन टॅरान्टिनो हा अमेरिकन दिग्दर्शक युबारीला आला. तेव्हा त्याने तिशीचा उंबरठाही ओलांडला नव्हता आणि त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, त्याने 'किल बिल' हा चित्रपट काढला. त्यात शाळेचा गणवेष घातलेली एक भयंकर मुलगी आहे. कुरियामा चिआकी ह्या नटीने रंगविलेल्या त्या मुलीचे नाव 'गोगो युबारी'. चार दिवसांच्या पाहुणचाराची अशी परतफेड एखाद्या गावाला क्वचितच मिळाली असेल. ज्यांनी नकाशात होक्काइदो कधी पाहिले नव्हते, त्यांच्या तोंडी युबारीचे नाव आले.

परंतु नावाने पोट भरत नाही. प्रवासी अपेक्षेइतके आले नाहीत. तोट्यात जाणारे बर्फावरच्या खेळांचे केंद्रही २००२ मध्ये नगरपालिकेनेच विकत घेतले. हिशेबाच्या वह्यांत तूट दिसू नये म्हणून एका खात्याची तात्पुरती उसनवारी दुसऱ्या खात्यात फिरविण्यात येऊ लागली. वर्षअखेरीस घेतलेले कर्ज नव्या वर्षाच्या कर्जाने फेडायचे, असा हा खेळ वर्षानुवर्षे चालला. जून २००६ मध्ये तो उघडकीस आला. शहराच्या डोक्यावर सुमारे ३५ अब्ज येनांची तूट होती आणि शहरात माणसे होती जेमतेम १३ हजार. मार्च २००७ मध्ये युबारीचा कारभार शासनाच्या देखरेखीखाली गेला आणि ही तूट सुमारे १८ वर्षांत फेडण्याची योजना ठरली.

ह्याची किंमत कोणी दिली? नगरपालिकेचे निम्म्याहून अधिक कर्मचारी गेले. राहिलेल्यांचे पगार कापले गेले. कर वाढले. १७१ खाटांच्या इस्पितळाचा १९ खाटांचा दवाखाना झाला. सार्वजनिक ग्रंथालय बंद पडले. प्राथमिक शाळा एकत्र करता करता अखेर एकच उरली. मी स्वतः शिक्षक आहे. शाळेचा एक वर्ग बंद करायचा म्हटले तरी गावात केवढी खळबळ होते, ते मी पाहिले आहे. त्यामुळे त्या घळईतल्या आईबापांना पाहुण्यांचे कौतुक ऐकून त्या वेळी काय वाटले असेल, ह्याची मला कल्पना येते. 'पाहुण्यांना बोलावण्याआधी पोरांची पुस्तके सांभाळायची होती', असे त्यांच्यापैकी कोणी म्हटले असेल तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. महोत्सवाचा खर्च हा त्या प्रचंड तुटीचा एक लहानसा भाग होता, हे खरे. पण तो त्याच धोरणाचे लेकरू होता, हेही तितकेच खरे.

साहजिकच २००७ चा महोत्सव रद्द झाला. येथेच ही हकीकत संपावयास हवी होती. परंतु त्याच हिवाळ्यात काही चित्रपटप्रेमींनी आणि नागरिकांनी मिळून गावाला धीर देण्यासाठी एक छोटासा महोत्सव केला. पुढच्या वर्षी, मार्च २००८ मध्ये, नागरिकांच्या एका बिनफायद्याच्या संस्थेने मूळ महोत्सव पुन्हा सुरू केला. आता नगरपालिकेची तिजोरी नव्हती. देणगीदार शोधावे लागले, स्वयंसेवक गोळा करावे लागले. त्याच सुमारास युबारीने स्वतःच्या दुर्दैवाची थट्टाही केली. जपानी भाषेत 'कर्ज' आणि 'पतिपत्नी' ह्या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. त्यावर कोटी करून, 'पैसा नाही, पण प्रेम आहे' असे म्हणत एका जोडप्याचे चित्र गावाचे बोधचिन्ह म्हणून मिरविण्यात आले, आणि २००९ मध्ये फ्रान्समधील कान येथे जाहिरातकलेचे मोठे पारितोषिक त्याने मिळविले.

नव्या महोत्सवाला पूर्वीइतके बडे पाहुणे आणणे परवडणारे नव्हते. त्याची जागा नवोदितांनी घेतली. २००९ मध्ये इरिए यू ह्या तरुणाच्या, गावाकडच्या बेकार पोरांवरील स्वस्तातल्या चित्रपटाला येथे पहिले पारितोषिक मिळाले. २०१८ मध्ये उएदा शिनइचिरो ह्यांचा, अवघ्या ३० लाख येनांच्या आसपास काढलेला एक विनोदी भयपट येथील प्रेक्षकांनी डोक्यावर घेतला. त्यात एकही नामांकित नट नव्हता. त्याच वर्षी त्याने जपानभर ३ अब्जांहून अधिक येनांचा गल्ला जमविला. पूर्वी युबारी नावाजलेल्यांना बोलावी. आता जे येथे येत त्यांचे नाव होऊ लागले.

ह्यामुळे युबारी वाचले, असे मी म्हणणार नाही. २०२० च्या जनगणनेत तेथे साडेसात हजार माणसेही राहिली नव्हती. ३१ मार्च २०१९ रोजी युबारीची शेवटची आगगाडी धावली. ज्या लोहमार्गाने कोळसा गेला तो मार्गच बंद झाला. २०२० च्या महासाथीत महोत्सव इंटरनेटवरून भरवावा लागला आणि नंतर तो हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. चित्रपटाने खाणीची जागा घेतली नाही, आणि घेणे शक्यही नव्हते.

तरी मी आरंभी विचारलेला प्रश्न राहतोच. पहिला महोत्सव पाहुण्यांपासून काहीतरी मिळावे म्हणून झाला. त्यासाठी काढलेले ऋण ज्यांनी काढले त्यांनी फेडले नाही, ते गावाने फेडले. दुसरा महोत्सव गावाने आपल्या हिमतीने केला. हिशेबाच्या वहीत त्याची जमा फारशी दिसणार नाही. पण ज्या माणसांचे इस्पितळ गेले, ग्रंथालय गेले, मुले शहरांकडे गेली, त्यांना आपल्या दारात कोणीतरी येत आहे आणि त्याला बसायला पाट द्यायची ऐपत आपल्यात अजून आहे, एवढे स्वतःला दाखवून द्यायचे होते. ती ऐपत पैशाची नव्हती.

त्या चित्रपटातील स्त्रीनेही येणाऱ्याकडून काही मिळेल म्हणून रुमाल बांधले नव्हते. तो येईलच, ह्याची खात्रीही तिला नव्हती. तरी तिने दोरी ताणून रुमाल बांधले. युबारीचे लोक तेच करीत आले. त्याला ऋण काढून केलेला सण म्हणावे की नाही, हे ठरविण्याचे काम मी आपणांवर सोपवितो.